दुःखाचं गाणं लिहायचंय? आधी ते कुणाला सांगताय ते ठरवा

लोकगीताच्या वळणाचं दुःखी गाणं लिहायला बसलं की बहुतेक जण आधी शब्द गोळा करतात, विरह, आसवं, काळोख, रिती ओंजळ वगैरे, आणि मग दोन कडव्यांत गाणं संपतं कारण पुढे सांगण्यासारखं काही उरतच नाही. मला विचाराल तर शब्द नंतर, आधी दोनच गोष्टी ठरवा. कोण बोलतंय आणि कुणाशी बोलतंय. त्यातही दुसरी जास्त महत्त्वाची आहे आणि तीच सगळे विसरतात.

आपल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून बघा. त्यात बाई हवेत बोलत नाही, ती कुणालातरी सांगत असते. आईला, भावाला, शेजारणीला, विठ्ठलाला, आणि पहाटेच्या अंधारात जवळ कोणीच नसेल तर समोरच्या जात्याला, कारण जातं म्हणजे तिचा ईश्वरच. पोवाडा सगळ्या गावाला सांगायचा असतो, ओवी मात्र एकाला सांगायची असते, आणि दुःखाची गोष्ट शंभर जणांपुढे जशी सांगतो तशी आपण एकाला सांगत नाही ना. एकाला सांगताना आवाज खाली येतो, मध्येच थांबतो, काही गोष्टी त्याला माहीत आहेत म्हणून वगळतो, काही मुद्दाम लपवतो. ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं ते या लपवण्यामुळे आणि वगळण्यामुळेच.

पुण्यात राहणाऱ्यांना तर हे शिकायला लांब जायची गरज नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यात बसून मुळशी, मावळ आणि मग महाराष्ट्रभरातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी आता पारी म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या साइटवर ध्वनिमुद्रणासकट ऐकायला मिळतात. एक संध्याकाळ फक्त त्या ऐकण्यात घाला, हेडफोन लावून, आणि लक्ष फक्त एका गोष्टीकडे ठेवा, ही बाई आत्ता कुणाशी बोलतेय. वहीत लिहीत जा. भाऊ, आई, लेक, सासू, सीता, जातं. जिथे ऐकणारा बदलतो तिथे गाण्यात काय होतं तेही लिहा. ही परंपरा किती जुनी आहे बघा, १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातसुद्धा महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, म्हणजे जवळजवळ ९०० वर्षं तरी हे काम चालू आहे आणि आपण त्याच रांगेत शेवटी उभे आहोत.

गोष्ट कुठून आणायची

स्वतःच्या ब्रेकअपवर लिहू नका असं मी म्हणणार नाही, लिहा की, पण पहिलं गाणं त्यावर लिहायला घेतलं तर अडचण होते कारण स्वतःच्या दुःखात आपण एवढे आत असतो की काय सांगायचं आणि काय सोडायचं ते दिसत नाही. दुसऱ्या कुणाची गोष्ट घ्या, आणि शक्यतो अशी की जिचा पत्ता तुम्हाला माहीत आहे.

पुण्यातलं उदाहरण घेऊ. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, आणि दुपारपर्यंत मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, नदीकाठचे वाडेच्या वाडे बसले. नंतर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, आज तिथे राहणाऱ्या कितीतरी पोरांना आपली कॉलनी का वसली हे ठाऊकही नसतं. पण ज्यांनी तो दिवस पाहिलाय अशी माणसं अजून आहेत, त्यांच्यापाशी बसा. आणि बसलात की ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं’ हे विचारू नका प्लीज. त्याचं उत्तर सगळे एकच देतात, ‘काय सांगू, फार वाईट दिवस होते.’ त्याऐवजी विचारा की त्या दिवशी चुलीवर काय होतं, तुमच्या अंगात कोणते कपडे होते, घरातून निघताना हातात काय घेतलंत, काय घ्यायचं राहिलं, दाराला कुलूप लावलं होतं का. मग बघा. कोणी सांगेल आम्ही वाड्याला कुलूप लावून निघालो, आणि नंतर किल्ली तेवढी राहिली, वाडा नव्हता. हे मी आत्ता मनाने रचलंय, पण असं काहीतरी मिळतं आणि ते मिळालं की गाणं अर्धं झालं.

रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून. आणि दुसऱ्याची गोष्ट गाण्यात वापरणार असाल तर नाव, गल्ली, नातं बदला, ते माणूस हयात असेल तर त्यांना आधी ऐकवा. हे मी नियम म्हणून नाही सांगत, पण ज्याचं दुःख त्याला गाणं पटलं नाही तर ते लोकांसमोर गाताना तुमचाच आवाज खोटा येतो.

आशा आहे की नाही

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. भरताच्या नाट्यशास्त्रात करुण रस आणि विप्रलंभ शृंगार, म्हणजे विरहातला शृंगार, यांच्यात फरक केलाय. दोन्हीत रडणं आहे, तगमग आहे, झोप उडालेली आहे, बाहेरून बघितलं तर सारखंच. पण विप्रलंभात परत भेट होण्याची आशा शिल्लक असते आणि करुणात ती संपलेली असते. बास, एवढाच फरक, पण गाणं लिहिताना हा फरक सोन्यासारखा आहे.

कारण ज्या गाण्यात आशा आहे त्यातलं माणूस काहीतरी करत असतं. वाट बघतं, दिवे लावतं, निरोप धाडतं, स्टँडवर जाऊन शेवटची एसटी येईपर्यंत बसतं. ज्यात आशा नाही त्यातलं माणूसही काहीतरी करतं पण त्या करण्याला आता काही उपयोग नसतो, आणि ते त्यालाही माहीत असतं. तुमच्या गाण्यात यातलं काय आहे हे पहिली ओळ लिहिण्याआधी ठरवा. दोन्हीची खिचडी झाली की ऐकणाऱ्याला कळत नाही की आपण धीर धरायचा की डोळे पुसायचे. एक तिसरी, फार अवघड पण फार सुंदर जागा आहे, ती म्हणजे गाणाऱ्याला वाटतंय आशा आहे आणि ऐकणाऱ्याला कळलंय की आशा उरलेली नाही. ही जमली तर तुम्हाला वेगळं दुःख ओतावं लागत नाही.

एक गाणं उभं करून बघू

वरचं सगळं एकत्र करून एक छोटं गाणं रचतो, म्हणजे नुसत्या गप्पा नकोत. समजा एक आजी आहे, पुरातून वाचलेली. आता मुलाच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहते. दर पावसाळ्यात जुलै लागला की पिठाचा डबा माळ्यावर चढवून ठेवते. सुनेला याचं काही कळत नाही, तिला हसू येतं. आजी कुणाशी बोलतेय? सुनेशी. लांबी किती? चार ओव्या, जास्त नको.

आकार ओवीचा घेऊ. साडेतीन चरण, पहिल्या तीनला यमक, चौथा आखूड. इथे पहिल्या तीन चरणांत आठ-नऊ अक्षरं आणि शेवटी चार.

आषाढाचा गं पाऊस
डबा खाली नको ठेवूस
कारण नको विचारूस
सूनबाई

घर चौथ्या मजल्यावर
तरी पीठ माळ्यावर
हसू नको गं माझ्यावर
सूनबाई

पाणी दारी दुपारचं
ताट होतं वाढायचं
राहिलं गं बोलवायचं
सूनबाई

डबा आता उतरला
पाऊसही ओसरला
ये ना वर जेवायला
धाकटे गं

यात ‘पूर’ हा शब्द नाही, ‘मरण’ नाही, ‘आठवण’ही नाही. पहिल्या दोन ओव्यांत तर आजी सुनेवर जरा खेकसतेच आहे. घरातली बाई कामाच्या गडबडीत जशी बोलते तसं ते आहे, आणि तसंच ठेवायचं, कारण पहिल्या ओळीपासून सूर रडवा लावला की तिसऱ्या ओवीला करायला काही राहत नाही. तिसऱ्या ओवीत ती पहिल्यांदा काहीतरी सांगते पण तेही अर्धवट, कुणाला बोलवायचं राहिलं ते सांगत नाही. आणि चौथ्यात ती सुनेकडे पाठ फिरवते. ‘सूनबाई’च्या जागी ‘धाकटे गं’ येतं. कुणी धाकटी होती, खाली अंगणात असेल, जेवायला हाक मारायची राहून गेली आणि ती हाक आजी आत्ता मारतेय, आणि घर आता चौथ्या मजल्यावर म्हणून ‘वर’ ये म्हणतेय. सगळी गोष्ट त्या एका बदललेल्या चरणात उलगडते. मी मुद्दाम सुरुवातीला म्हटलं ना की कुणाशी बोलतंय ते महत्त्वाचं, त्याचं कारण हे. ऐकणारा बदलणं ही तुमच्या हातातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे आणि ती एकदाच वापरायची, शेवटाजवळ.

तुम्ही याच गोष्टीचं गाणं वेगळ्या ऐकणाऱ्यासाठी लिहून बघा. आजी नदीशी बोलतेय असं धरा, लगेच राग येतो, भाषा बदलते. आजी मेलेल्या धाकटीशीच पहिल्या ओळीपासून बोलतेय असं धरा, गाणं पहिल्याच ओवीत उघडं पडतं आणि मग पुढे फक्त हुंदके. सून बोलतेय आणि आपल्या नवऱ्याला सांगतेय, ‘आई बघ ना काय करतात’, असं धरलं तर एकदम निराळं, कदाचित याहूनही चांगलं गाणं होईल. एका गोष्टीचे असे तीन-चार मसुदे काढायची सवय लावा, चाल लावायच्या आधीच.

तेच पुन्हा म्हणायचं, पण थोडं पुढे सरकून

भोंडल्याची गाणी ज्यांनी लहानपणी पाटावरच्या हत्तीभोवती फिरून म्हटलीत त्यांना हे सांगायची गरज नाही. सून माहेरी जायला निघते, सासू म्हणते कारल्याचं बी पेर मग जा. पेरलं, तर म्हणे वेल येऊ दे. वेल आला, तर कारलं लागू दे. मग भाजी कर, मग खा, मग ताट घास… प्रत्येक कडवं जवळजवळ तसंच, एकच पायरी पुढची. लहानपणी ते मजेशीर वाटतं, हसत म्हणतो आपण, आणि मोठेपणी एक दिवस कळतं की एका पोरीला तिच्या आईकडे जाऊ देत नाहीयेत आणि ती तक्रार न करता एकेक अट पुरी करत चाललीये. दुःख सांगायचं हे तंत्र आपल्या बायकांनी गोल फिरता फिरता शोधून काढलंय, मला त्यापुढे खरंच हात जोडावेसे वाटतात.

गंमत म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या बॅलड्समध्ये, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या लोकगीतांमध्ये, हेच तंत्र आहे. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९व्या शतकाच्या शेवटी अशा ३०५ बॅलड्सचा संग्रह छापला, त्यातल्या कितीतरींमध्ये ओळ तीच येते, फक्त एक शब्द बदलतो आणि गोष्ट पुढे जाते. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे मधले प्रसंग सरळ उडवून देणं. प्रेम जमलं कसं, भांडण का झालं, दहा वर्षं कशी गेली, काही नाही, थेट दार वाजतं. तुमच्या मसुद्यात जिथे ‘मग’, ‘त्यानंतर’, ‘एके दिवशी’ असं येतंय तिथे काट मारा आणि बघा गोष्ट कळतेय का. बहुतेक वेळा कळते.

ध्रुवपदाचंही तसंच. ध्रुवपद गोष्ट पुढे नेत नाही पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ बदलायला हवा. ‘दार उघडं ठेव’ ही ओळ पहिल्या कडव्यानंतर आलेल्या पाहुण्यासाठी असेल, दुसऱ्यानंतर लांब गेलेल्या मुलासाठी, आणि शेवटी जीव जाताना. शब्द एकही बदलायचा नाही.

शब्द

यावर फार लांबण लावत नाही. ज्या माणसाच्या तोंडी गाणं आहे ते रोज जे शब्द वापरतं तेच वापरा. ‘अश्रू’ म्हणणारी आजी मी तरी पाहिली नाही. माळा, डबा, ताट, पायरी, किल्ली, पिशवी असले हाताला लागणारे शब्द जेवढे जास्त तेवढं बरं. ‘गं’, ‘बाई’, ‘रे’, ‘माझ्या’ हे नुसते भरीचे शब्द नाहीत, ते अक्षरं जुळवायला मदत करतात हे खरंच पण त्यांच्यामुळेच समोर कोणीतरी बसलंय असं वाटत राहतं. फोन, लिफ्ट, स्वारगेट, पीएमपीची बस असे शब्द लोकगीताच्या वळणाच्या गाण्यात चालतात का? मला वाटतं बिनधास्त चालतात, ज्या बाईने जात्यावर मोटार आणि रेल्वेवर ओवी म्हटली ती आज लिफ्टवरही म्हणाली असती.

ओवी जमत नसेल तर अभंगाचा साचा घ्या, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. बोटं मोजून लिहिता येतं, आणि शेवटच्या चार अक्षरांत श्वास आपोआप तुटतो, तिथे दुःख ठेवायला फार चांगली जागा मिळते.

चाल

मायनर कॉर्ड टाकली म्हणजे गाणं दुःखी झालं असं नसतं. ओव्यांच्या चाली चार-पाच सुरांत फिरतात, वर फार जात नाहीत, आणि त्यामुळेच बोलल्यासारख्या वाटतात. तुम्हीही तेवढ्यातच राहा. एखादा वरचा सूर हवाच असेल तर तो जपून ठेवा, पूर्ण गाण्यात एकदा, आणि शक्यतो सगळ्यात दुःखी शब्दावर नको, त्याच्या आधीच्या शब्दावर. आपल्या उदाहरणात मी ‘ये ना’वर सूर चढवीन आणि ‘धाकटे गं’ अगदी खाली, जवळजवळ बोलून टाकीन.

गिटारवाल्यांसाठी, जुन्या बॅलड्सच्या चाली पुष्कळदा डोरियन किंवा मिक्सोलिडियन मोडमध्ये असतात, म्हणजे आपले काफी आणि खमाज थाटाचे सूर. तुम्ही हार्मोनियमवर काफीत चाल लावलीत आणि मागे गिटारवर नुसता षड्ज-पंचमाचा सूर धरून ठेवलात तरी दोन्ही घराणी सुखाने नांदतात. दर मात्रेला कॉर्ड बदलू नका, चाल बिचारी त्याखाली गुदमरते. एकतारी किंवा तुणतुणं मिळालं तर उत्तमच, एकच सूर सतत वाजत राहिला की गाणाऱ्याला गप्प बसायला भीती वाटत नाही. ठेका सावकाश दादरा, सहा मात्रा, किंवा ठेकाच नको. केरव्यात बसवलंत तर लय अजिबात वाढू देऊ नका, लोक टाळ्या धरायला लागतात आणि टाळ्या धरल्या की आजी हरवली.

गाऊन बघताना

पहिल्यांदा वाद्याशिवाय म्हणा. वेताळ टेकडीवर सकाळी लवकर जा, किंवा गच्चीवर, आणि आधी नुसतं गद्यासारखं बोलून दाखवा, जणू समोर ती सूनच उभी आहे. जी ओळ बोलताना ओशाळल्यासारखं होतं ती ओळ खोटी आहे, काढा. मग गा. फोनवर रेकॉर्ड करा पण लगेच ऐकू नका, दोन-तीन दिवसांनी ऐका.

गाताना स्वतः रडायचं नाही हे मात्र कसोशीने पाळा. आवाजात मुद्दाम कंप आणणं, शब्द घोगरा करणं, डोळे मिटून मान हलवणं, याने ऐकणारा तुमच्याकडे बघायला लागतो आणि गोष्टीतून बाहेर येतो. आजी सुनेसमोर रडली का? नाही ना. मग तुम्हीही नाही.

आणि एखाद्या कॅफेतल्या ओपन माइकला किंवा मित्रांच्या मैफिलीत म्हणणार असाल तर आधी प्रस्तावना देऊ नका की हे गाणं पानशेतच्या पुरावर आहे, यात एक आजी असते वगैरे. चौथ्या ओवीत जे उलगडायचंय ते तुम्ही माइकवरच सांगून टाकता. फक्त नाव सांगा आणि सुरू करा. नावसुद्धा ‘पूर’ नको, ‘पिठाचा डबा’ ठेवा. शेवटच्या ‘धाकटे गं’नंतर वाद्य लगेच थांबवा, शेवटी एक सुंदर पीस वाजवायची सगळ्या गिटारवाल्यांना हौस असते, ती इथे आवरा, आणि कोणी नंतर येऊन विचारलं की ती धाकटी कोण होती, बहीण की लेक, तर सांगू नका, त्यांना काय वाटलं ते विचारा, पुढचा मसुदा करताना ते उत्तर उपयोगी पडतं.